आगाऊ भरलेलं व्याज

बिजागरी नीट फिरत असते तोवर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कर्जाच्या करारातल्या अटींचंही तसंच असतं. फरक एवढाच, की बिजागरी कुरकुरली तर दोन थेंब तेलात भागतं.

या कारखान्यात बिजागऱ्या होत. दारांच्या, कपाटांच्या, पेट्यांच्या, एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी शवपेट्यांच्याही. मालक दोघं होते. साठी ओलांडलेला भाऊ, त्याला सगळा कारखाना दादा म्हणे. आणि त्याच्याहून बरीच लहान बहीण, तिला सगळा कारखाना ताई म्हणे. दादा मात्र तिला अजून चिमे म्हणायचा, तेही कामगारांसमोर. ज्या बाईच्या खोलीत शिरण्याआधी ऑडिटर रुमालाने कपाळ पुसून घ्यायचा, तिला. दादा माल करायचा आणि विकायचा, ताई पैसा सांभाळायची. दोघांचं छान जमायचं, कारण एकमेकांच्या खोलीत दोघंही फारसं जात नसत.

नव्या यंत्रांसाठी त्यांनी बँकेचं मोठं कर्ज काढलं होतं. करार उशाला घेता येईल एवढा जाड होता, पण त्यातली एक अट ताईला झोपू द्यायची नाही. दर तिमाहीत कारखान्याचा व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा त्या तिमाहीत भरलेल्या व्याजाच्या किमान अडीचपट असला पाहिजे. शंभर व्याज, तर अडीचशे नफा. आकडा अडीचच्या खाली घसरला, की एकही हप्ता चुकलेला नसला तरी सगळं कर्ज एका झटक्यात परत मागायचा बँकेला हक्क. बँकेचं म्हणणं असं, की रोगी दगावेपर्यंत वाट कशाला बघायची? नाडी जरा मंद लागली, की अंथरूण काढून घ्यावं.

आणि कर्ज परत मागितलं असतं तर द्यायला काय होतं? शेड, यंत्रं आणि खालची जमीन. जमिनीवर पलीकडच्या रस्त्यावरच्या कुलूपवाल्याचा डोळा होता. कारखाना विकायला निघाला तर आपण घेऊ, जमीन ठेवू आणि बाकीचं भंगारात काढू, असं त्याने बँकेला आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारधर्म म्हणून.

तिमाही संपून आठ-दहा दिवस झाल्यावर ताई बँकेला पाठवायचं प्रमाणपत्र भरायला बसली. विक्री चांगली झाली होती, शवपेट्यांना उठाव होता. तिच्या अंदाजाने आकडा दोन पूर्णांक आठ यायला हवा होता. आला एक पूर्णांक चार. तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. यंत्रालाही सुधारायची एक संधी द्यावी, असं तिचं मत होतं. यंत्र सुधारलं नाही.

मग तिने बँकेचं खातं उघडलं आणि कारण समोर आलं. प्रत्येक तिमाहीचं व्याज ती तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भरायचं असे. म्हणजे एका तिमाहीत एकदाच व्याज जायचं, मागच्या तिमाहीचं. ते भरायचा मान बाबा गेल्यापासून दादाकडे होता आणि त्याने तो कुणालाही दिला नव्हता. या खेपेला मागचं व्याज सुरुवातीला गेलं होतं, ते ठीक. पण चालू तिमाहीचं व्याज पाच तारखेची वाट न बघता तिमाहीच्या शेवटच्याच दिवशी भरलेलं होतं. एका तिमाहीत दोन व्याजं. नफा तोच, व्याज दुप्पट, आकडा निम्मा.

करारात शब्द स्पष्ट होते: त्या तिमाहीत प्रत्यक्ष भरलेलं व्याज. कधीचं, कशाचं, याची बँकेला पर्वा नव्हती. याच हिशेबाने पुढच्या तिमाहीत भरलेलं व्याज शून्य येणार होतं, म्हणजे तेव्हा हा कारखाना पृथ्वीच्या पाठीवरचा सर्वांत निरोगी कारखाना ठरणार होता. फक्त तेव्हा तो कुलूपवाल्याचा असता.

ताई कागद घेऊन दादाच्या खोलीकडे निघाली.

दादाच्या खोलीच्या मधोमध एक दार उभं होतं. भिंत नव्हती, नुसती चौकट आणि दार. नवी बिजागरी आधी त्या दाराला लागायची आणि दादा दिवसभर ते उघडझाप करून कान देऊन ऐकायचा. खोलीत येणाऱ्याने बाजूने मोकळी जागा असली तरी त्या दारातूनच यायचं, असा नियम होता. ऑडिटर यायचा, गिऱ्हाइकं यायची, बँकेचे साहेब लोकही मान वाकवून यायचे. ताई रागावलेली असली की बाजूने यायची.

ती बाजूने आली. दादाने दाराची मूठ सोडली.

व्याज शेवटच्या दिवशी का भरलंस, असं तिने विचारलं. दादा म्हणाला, बाबांची पद्धत. घेणेकऱ्याने आपलं दार वाजवायच्या आत आपण त्याचं दार वाजवावं, असं बाबा म्हणायचे हे खरंच होतं. पण बाबा एखाद दिवस आधी जायचे, ताईने आठवण करून दिली. घेणेकरी अंघोळीला गेला असताना त्याच्या घरात शिरायचे नाहीत. दादाने खिडकीबाहेर बघितलं. आठवण आली, भरून टाकलं, असं काहीतरी पुटपुटला.

मग तिने कागद त्याच्यापुढे धरला आणि एक पूर्णांक चारचा अर्थ सांगितला. दादा आधी हसला. व्याज थकवलं म्हणून बुडालेले कारखाने त्याने पाहिले होते; व्याज भरलं म्हणून बुडालेला अजून कुणी ऐकला नव्हता. हसता हसता त्याचं लक्ष बहिणीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"तारीख बदलून देते," ताई म्हणाली. "एक ओळ. ही रक्कम पुढच्या तिमाहीची अनामत म्हणून दाखवते. बँकेत कुणी बघत नाही."

"आणि बघितलं तर?"

"तर मी खोटी ठरेन. कारखाना तरी राहील."

"तू खोटी सही करायची नाहीस, चिमे."

"मग बँकेला लिही की शेवटच्या दिवशी का भरलंस. काहीतरी कारण असेलच."

दादाने दार उघडलं, लावलं. आवाज झाला नाही, बिजागरी उत्तम होती.

"खोटं तुला चालत नाही," ताई म्हणाली, "आणि खरं तू बोलत नाहीस. मग तुझं चालतं तरी काय, दादा?"

ती पुन्हा बाजूनेच बाहेर गेली. दुपारी तिने एक पूर्णांक चार लिहून सही केली आणि प्रमाणपत्र पाठवून दिलं. सही नेहमीपेक्षा थोडी मोठी आली.

बँकेचं उत्तर तत्परतेने आलं. एरवी साधा खातेउतारा मागितला तर बँकेला पावसाळा लागायचा. पत्रात खेदपूर्वक, आदरपूर्वक आणि हक्क राखून कळवलं होतं की अट मोडलेली दिसते, तरी दोघांनी येत्या गुरुवारी मुख्य कार्यालयात यावं. सोबत कर्जफेडीच्या व्यवस्थेचे कागद आणावेत.

बातमी पत्राच्याही आधी पोचली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी कुलूपवाला सहज म्हणून आला. सहज म्हणून त्याने अंगण चालून मोजलं. सहज म्हणून भिंतीवर टकटक केलं, कलिंगड निवडताना करतात तसं. यंत्रावरच्या मिस्त्रींना त्याने विचारलं, छप्पर गळतं का हो? मिस्त्री म्हणाले, नाही, पण तुम्ही उभे आहात तिथे कधी कधी वरून पाना पडतो. कुलूपवाला दोन पावलं सरकला आणि तिथून मोजू लागला.

मिस्त्री नंतर ताईकडे आले. काही विचारलं नाही, टोपी हातात धरून नुसते उभे राहिले. त्यांचा मुलगा, सून आणि मेहुणा, तिघंही याच शेडमध्ये होते. ताईने सांगितलं, गुरुवारी कळेल. ते मान डोलावून गेले. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ताई भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि जेवण खाली सगळ्यांचं एकत्र असे. त्या दिवशी दादा ताटावरून लवकर उठला आणि अंगणात गेला. वहिनीने त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघून खुर्ची पुढे ओढली.

"वन्सं, एक सांगू? मी ऐकायला गेले नव्हते. तुमच्या भावाच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि उजव्याला ऐकून घ्यायची सवय नाही. त्यामुळे फोन कायम मोठ्या आवाजात. अख्ख्या आळीला माहीत असतं आमच्याकडे कुणाचा फोन आला ते."

तिमाहीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बँकेतून फोन आला होता. त्यांच्या शाखेतल्या कर्जअधिकाऱ्याचा. हा माणूस बोलायला इतका गोड, की ताईने त्याचं नाव मधाचं बोट ठेवलं होतं. कर्ज मंजूर होताना त्याने ते इतक्यांदा लावलं होतं की दादाला त्याची चटक लागली होती. वहिनीला सगळं ऐकू आलं नव्हतं, कुकर मध्ये बोलत होता. पण तुम्हालाच म्हणून सांगतोय, असं तो दोनदा म्हणाला, आणि हे आपल्यातच राहू द्या, असं एकदा. दादा म्हणाला होता, शब्द दिला. मग दिवसभर शीळ घालत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण शीळ घालताना वहिनीने त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

ताईला उलगडायला वेळ लागला नाही. शाखेला तिमाहीच्या आत वसुलीचा आकडा फुगवून दाखवायचा होता. मधाच्या बोटाने गोड बोलून व्याज आधी भरून घेतलं. त्यामुळे अट मोडेल, हे एकतर त्याच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि ते त्याचं काम नव्हतं.

ती अंगणात गेली. दादा फाटकाची बिजागरी तपासत होता. फाटकाला काहीही झालेलं नव्हतं.

फोन कुणाचा होता ते मला कळलंय, ती म्हणाली. गुरुवारी तू एवढं एकच वाक्य बोल, की तुमच्या माणसाने सांगितलं म्हणून भरलं. बाकी मी बघते.

"शब्द दिलाय," दादा म्हणाला.

"त्याच्यासाठी? तो तुझ्यासाठी काय करतोय?"

"तो काय करतो ते त्याच्यापाशी. त्याची नोकरी जाईल, चिमे. घरी लहान मुलं आहेत त्याची."

"मिस्त्रींच्या घरी काय कासवं आहेत?"

दादाने फाटक लावलं आणि त्याला टेकून उभा राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच पुढचं वाक्य जड गेलं. तू बोललीस तर मी नाही म्हणणार नाही, तो म्हणाला, मला खोटं बोलता येत नाही. पण मग बाबांनी शिकवलेलं काहीही माझ्याकडे शिल्लक राहणार नाही. बघ तुला जमतंय का.

ते तिला जमणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. मोठी भावंडं अशा बाबतीत फार दुष्ट असतात.

गुरुवारी दोघं मुख्य कार्यालयात पोचले. बाहेर एक लांब बाक होता आणि तो भरलेला होता. गाद्यांच्या स्प्रिंगा करणारे एक गृहस्थ, तराजू बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकीणबाई, शिड्यांचे एक कारखानदार, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांच्या मांडीवर फाइल आणि चेहऱ्यावर दाताच्या दवाखान्यातला भाव. एकमेकांची ओळख होती, आणि म्हणूनच कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ताईला जागा करून देताना स्प्रिंगवाल्यांनी विचारलं, तुमचं काय? ताई म्हणाली, किरकोळ. तुमचं? तांत्रिक, ते म्हणाले, आणि फाइल छातीशी धरली.

शिडीवाले आतून बाहेर आले. चुन्यासारखा चेहरा. ते कुणाकडे न बघता पाण्याच्या पिंपाकडे गेले आणि पेला हातात घेऊन तसेच उभे राहिले. पाणी घ्यायचं त्यांना सुचेना.

ताईने बाकावरून नजर फिरवली. एवढ्या लोकांचे धंदे वेगळे, नफे वेगळे, स्वभाव वेगळे. शिड्यांच्या धंद्याला तर या वर्षी सुकाळ होता. मग सगळ्यांची नाडी एकाच तिमाहीत कशी मंद झाली? हे सगळे एकाच शाखेचे कर्जदार होते, हे तिच्या लक्षात आलं. ती तराजूवाल्या बाईंकडे झुकली आणि हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाली, तुम्हीसुद्धा व्याज शेवटच्याच दिवशी भरलंत ना?

बाईंचा चष्मा मांडीवर पडला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आमच्यातही तीच पद्धत आहे."

बाईंनी चष्मा उचलला, पण डोळ्यांवर चढवला नाही. आयुष्यभर तोलूनमापून बोललेली बाई, पण आतलं काहीतरी सांडलंच. "मला म्हणाला होता," त्या हळूच म्हणाल्या, "की फक्त मलाच विचारतोय. माझ्या शब्दाला किंमत आहे म्हणून."

त्या दादाच्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. उजव्या कानाने चोख काम केलं. दादा एकदम ताठ झाला. त्याने आधी तराजूवाल्या बाईंकडे बघितलं, मग स्प्रिंगवाल्यांकडे, मग पिंपाशी उभ्या असलेल्या शिडीवाल्यांकडे, आणि मग आपल्या बुटांकडे. कारखाना जाणार, हे कळल्यापासून तो असा बसलेला ताईने पाहिला नव्हता. कारखाना बुडणं त्याने सहन केलं असतं. पण ती शीळ.

त्यांचं नाव पुकारलं गेलं.

आतल्या मोठ्या बाई सभ्य होत्या, आणि तेच भीतिदायक होतं. त्यांच्या मागच्या कपाटावर काचेचं एक चकचकीत सन्मानचिन्ह होतं, अजून खोक्यातून अर्धवटच बाहेर काढलेलं. तिमाहीतल्या सर्वोत्तम वसुलीबद्दल, एवढं ताईला वाचता आलं. बाईंच्या शेजारी मधाचं बोट बसलं होतं. त्याने दादाला नमस्कार केला आणि मग लगेच पाणी प्यायला घेतलं.

बाईंनी अट वाचून दाखवली. मग आकडा वाचला. मग म्हणाल्या, बँकेला वाईट वाटतं, पण या परिस्थितीत कर्ज परत मागण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. पंधरवडा देता येईल. एक खरेदीदारही सुदैवाने तयार आहे. सुदैवाने हा शब्द त्यांनी अगदी मनापासून वापरला.

ताईने दोन व्याजांचा हिशेब मांडला. पाच तारखेचं व्याज आधी भरल्यामुळे हे झालं, नफा कमी झालेला नाही, पैसे बँकेकडेच आहेत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आकड्यामागची कारणं करारात येत नाहीत, त्या म्हणाल्या. आणि मग, केवळ कुतूहल म्हणून, दादाकडे वळल्या.

"पण शेवटच्या दिवशी का भरलंत?"

मधाचं बोट पेल्यात बघत होतं. ताई भावाकडे बघत होती. तिने तोंड उघडलं, मिटलं. टेबलाखाली तिची नखं फाइलीत रुतली.

"शब्द दिला होता," दादा म्हणाला.

"कुणाला?"

"ते सांगायचं नाही, असाही शब्द दिला होता."

बाईंचं पेन थांबलं. मधाच्या बोटाने पेला खाली ठेवला, तो बशीवर जरा जास्तच वाजला.

"माझे भाऊ बोलणार नाहीत," ताई म्हणाली. "मीही त्यांच्या वतीने बोलणार नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्यांचं काय झालंय ते एकदा बघा. आमच्यासारखीच पद्धत सगळ्यांच्या घरी निघावी, हे जरा नवलच."

बाई उठल्या, दाराशी गेल्या, दार उघडलं. त्या दाराची बिजागरी भयंकर कुरकुरली. दादाने डोळे मिटून घेतले.

"तिमाहीच्या शेवटच्या दिवशी कुणी कुणी व्याज भरलं?" बाईंनी बाहेर विचारलं.

बाकावर कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांनी शब्द दिलेला होता. पण मान फिरवायची नाही, असा शब्द त्यांच्याकडून कुणी घेतला नव्हता. स्प्रिंगवाल्यांची मान फिरली, तराजूवाल्या बाईंची फिरली, पिंपाशी उभ्या शिडीवाल्यांची फिरली, आणि सगळ्या माना दारातल्या बाईंच्या खांद्यावरून थेट आत, टेबलापाशी बसलेल्या मधाच्या बोटावर येऊन थांबल्या.

बाईंनी दार लावलं. पुन्हा तीच कुरकुर. त्या जागेवर येऊन बसल्या, आणि खोक्यातून अर्धवट बाहेर असलेल्या सन्मानचिन्हाकडे त्यांचं लक्ष गेलं. हिशेब त्यांनाही येत होता. एवढी सगळी कर्जं बुडीत म्हणून वर कळवायची, तर कशामुळे ते कळवावं लागणार. आणि कशामुळे ते कळवलं, तर ही काच कशाबद्दल, असा प्रश्न कुणीतरी विचारणार. त्यांनी हात मागे नेऊन ती हळूच खोक्यात परत ढकलली.

"आपण याला अट मोडणं म्हणू नये," त्या म्हणाल्या.

"मग काय म्हणावं?" ताईने विचारलं.

"विसंगती."

बँक या खेपेला विसंगतीकडे दुर्लक्ष करेल, असं त्यांनी सांगितलं. तसं पत्र यथावकाश येईल. दादा लगेच उठायच्या बेतात होता. ताई हलली नाही. पत्र आज हवं, ती म्हणाली, आता, सहीसकट, आणि यापुढे ज्या तिमाहीचं व्याज त्याच तिमाहीत मोजायचं, कधीही भरलेलं असो, हेही त्यात हवं. बाईंचा चेहरा आक्रसला. बँकेच्या तोंडी शब्दावर विश्वास नाही का, असं त्यांनी विचारलं.

"आम्ही बिजागऱ्या करतो," ताई म्हणाली. "दोन्हीकडे फिरणारी वस्तू आम्हाला लांबून ओळखू येते."

पत्र तयार व्हायला वेळ लागला. मधाच्या बोटाने तीन पेले पाणी संपवलं. एकदा बाई पत्र वाचता वाचता मध्येच थांबल्या आणि पेन खाली ठेवलं, तेव्हा ताई खुर्चीच्या कडेला सरकली. पण त्या फक्त चष्मा शोधत होत्या. सही झाली. ताईने पत्र दोनदा वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे शुल्क कशाचं?"

"माफीचं. नियमच आहे."

"म्हणजे आम्ही व्याज वेळेआधी दिलं, ते तुम्ही माफ केलं, आणि त्याचे पैसे आम्ही द्यायचे."

"पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत," बाई म्हणाल्या.

दादाचा हात खिशातल्या फोनकडे गेला. जुनी सवय. टेबलाखाली ताईने आपला बूट त्याच्या बुटावर ठेवला आणि हळूहळू वजन वाढवत नेलं. हात परत वर आला.

बाहेर पडताना मधाचं बोट जिन्यापर्यंत मागे आलं. तुमचे उपकार कसे फेडू, तुम्ही नाव घेतलं नाहीत, असं काहीसं ते बोलत होतं. दादा थांबला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या कानाशी झुकला. पण ज्याला स्वतःला कमी ऐकू येतं त्याला कुजबुज कशी जमणार? अख्ख्या बाकाने ऐकलं.

"तुम्हालाच म्हणून सांगतो. आपल्यातच राहू द्या. पुन्हा फोन करू नका."

तराजूवाल्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ताईने जाता जाता आपल्या पत्राची एक प्रत त्यांच्या हातात दिली, आणि मग त्या आत गेल्या.

घरी वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की बँकेला माफीचे पैसे लागतात हे आधी कळलं असतं तर लग्नानंतर आपणही लावले असते, आज बंगला झाला असता. दादा नेहमीसारखा हसला नाही. जेवण झाल्यावर त्याने फोन उघडला, बँकेत पैसे भरायचा गुप्त क्रमांक कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिला आणि तो चिटोरा ताईच्या ताटाशेजारी ठेवला. ताईने आकडे पाठ केले आणि चिटोरा फाडून टाकला.

पुढचा महिना लागला. पाच तारखेच्या आदल्या दिवशी दादा तीनदा हिशेबाच्या खोलीत डोकावला आणि तीनदा दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलून गेला. पाच तारखेला सकाळी येऊन तो खुर्ची ओढून बसलाच. ताईने आधी पगारपत्रक संपवलं. मग टपाल बघितलं. मग मिस्त्रींच्या सुनेच्या रजेचा अर्ज वाचला, दोनदा. दादाच्या कपाळावर ऑडिटरसारखा घाम आला होता. शेवटी तिने शुल्क भरलं आणि पावती घेऊन ती त्याच्यासोबत त्याच्या खोलीकडे आली. मधल्या दारापाशी थांबली, ते उघडलं आणि त्यातून आत गेली.

"आता झालं?" मागून येत दादाने विचारलं.

"झालं."

"मग मला असं का वाटतंय, की आपण उशीर केला?"

"कारण वेळेवर भरलं," ताई म्हणाली. "तुला सवय नाही."

दादाने दार लावून घेतलं आणि कान दिला. मग थेंबभर तेल आणायला गेला.